रिकामी खुंटी

खाणीचं छत कोसळल्याचं कळताच, त्याच खाणीत कामाला असलेला गावचा चॅम्पियन धावपटू मैदानावरून सुसाट फाटकावर आला. खाली उतरताना जो तो आपल्या नंबरचा दिवा नेतो आणि वर आला की फाटकाजवळच्या आपल्या खुंटीवर टांगतो. एकच खुंटी रिकामी होती, चॅम्पियनच्या नंबरची. “अरे, हा तर इथं उभाय धडधाकट!” मुकादम ओरडला. “म्हणजे आत कुणीच नाही. खोदणं थांबवा!” चॅम्पियनच्या मेडलांसोबत फोटो काढायला पुढं येणारा खाणीचा साहेब त्याला सरावाला सुट्टी देईना, म्हणून आज त्याच्या जागी, त्याचाच दिवा घेऊन, धाकटा भाऊ उतरला होता. “भाऊ आत आहे माझा! खोदा रे!” पण सगळे सुखरूप असल्याचा भोंगा वाजला, त्यात त्याचा आवाज बुडाला. गर्दीने “आपला हिरा वाचला!” म्हणत त्याला खांद्यावर घेतलं. तो लाथा झाडत होता आणि लोकांना वाटलं, पठ्ठ्या नाचतोय.