इंजिनाची वेणी

एकोणतीस गाठी होत्या. मैथिलीने दोनदा मोजल्या. दोन गाठींमधलं अंतर सगळीकडे सारखं, दोन बोटं. बॉनेटखालच्या साऱ्या वायरी मेणाच्या दोऱ्याने एका जाड पेडात बांधल्या होत्या आणि तो पेड बॅटरीपासून इंजिनाच्या मागच्या बाजूपर्यंत सरळ गेला होता. इतकं सुबक काम तिने ऑस्ट्रेलियातल्या या उभ्या टूवूंबात पाहिलं नव्हतं. ते तिच्या सासऱ्यांचं होतं.

मुरलीधर टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं एक्स्चेंजच्या वायरी बांधून निवृत्त झाले. तीन महिन्यांसाठी लेकाकडे आले, तर इथे करायला काहीच नव्हतं. बसने कुठे जावं तर बसच नाही. मे महिन्यात एका सकाळी त्यांनी सुनेच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं, लोंबणाऱ्या वायरी पाहून चुकचुकले आणि चार दिवस खपून हे बांधलं. "बाबांनी इंजिनाची वेणी घातली," असं मैथिलीचा नवरा यतीन हसत सगळ्यांना सांगायचा. बाबा चिडायचे नाहीत. घरी कुणी आलं की चहाच्या आधी बॉनेट उघडून दाखवायचे.

पुढच्याच आठवड्यात गाडी चालता चालता पहिल्यांदा बंद पडली. मग घाटात, मागे ट्रक असताना. सहा आठवड्यांत पाच वेळा. गॅरेजवाल्याने इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर दोनदा बदलला, दोन्ही वेळा "नो वरीज" म्हणाला, आणि गाडी पुन्हा हॉस्पिटलच्या रस्त्यावर थांबली. मैथिली त्या हॉस्पिटलातली यंत्रं तपासायची. गाडीशिवाय नोकरी नव्हती. आता तिला भीतीही वाटेनाशी झाली होती, नुसता कंटाळा आला होता.

शनिवारी दुपारी तिने कामावरचा, विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारा छोटा ऑसिलोस्कोप आणून सेन्सरच्या वायरीला लावला आणि इंजिन चालू केलं. पडद्यावर सेन्सरच्या लाटा आल्या, आणि त्यांच्यामध्ये अणकुचीदार काटे. इंजिनातल्या प्रत्येक ठिणगीबरोबर एक काटा. उंची नऊशे मिलिव्होल्ट. गाडीचा कॉम्प्युटर त्या काट्यांनाही सेन्सरच्याच खुणा समजत होता, मोजणी चुकत होता आणि इंजिन बंद करत होता. ठिणगीच्या कॉइलची वायर आणि सेन्सरची वायर त्या पेडात शेजारी शेजारी होत्या. दोष तिथेच आहे, याबद्दल तिला शंका उरली नाही.

बाबांचं विमान गुरुवारी होतं. आणि त्यांना ब्रिस्बेनच्या विमानतळावर सोडायचं ते याच गाडीने, याच घाटातून. तिने इंजिन बंद केलं.

बाबा स्वेटर घालून चहाचे दोन कप घेऊन बाहेर आले. "सापडलं का गं?"

"बाबा, सेन्सरची वायर तुम्ही कॉइलच्या वायरीबरोबर बांधलीत. तिची वीज हिच्यात उतरतेय."

त्यांनी कप कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर ठेवले. वाकून पेडातल्या त्या दोन वायरी बोटांनी चाचपल्या.

"बोलण्याची वायर पॉवरबरोबर न्यायची नाही," ते म्हणाले. "नव्या पोरांना पाठीत धपाटे घालून शिकवलंय मी हे. आणि स्वतः..."

"मी तोडते गाठी."

"तू वायरच कापशील. ब्लेड दे इकडे."

एकेक करत सगळ्या गाठी तोडायला त्यांनी पाऊण तास घेतला. एकाही वायरीला ओरखडा उठला नाही. दोऱ्याचे तुकडे ते खिशात घालत होते. मधेच, वर न बघता म्हणाले, "घरी गेलो की हत्यारांची पेटी शेजारच्या अजितला देऊन टाकतो. डोकं चालेना की हात आवरावेत माणसाने."

मैथिलीने ऐकलं. असं नका बोलू, असं म्हणायचं तिच्या मनात होतं. तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. चहा गार झाला होता.

शेवटची गाठ तुटल्यावर तिने सेन्सरची वायर वीतभर दूर ओढून घेतली. आता काटे पडद्यावर दिसायलाही नकोत. ती आत बसली आणि तिने किल्ली फिरवली.

बाबा पडद्याकडे पाहत नव्हते. चष्मा स्वेटरला पुसत उभे होते.

"किती आलं?"

तिने बाहेर येऊन पाहिलं. मग पडद्याची मोजपट्टी बदलून पुन्हा पाहिलं.

"वायर दूर नेऊनही तेवढंच. नऊशे मिलिव्होल्ट."