अण्णाच्या वाटणीची अमेरिका

आप्पांनी पीण्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना वाटून देताना मध्ये भिंत घातली आणि गिऱ्हाइकंही वाटली. थोरल्या भावाला, अण्णाला, अमेरिका. मला इंग्लंड. पलीकडून कंटेनर निघाला की आधी नारळ फुटल्याचा आवाज यायचा, आणि माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

यंदा अमेरिकेने आपल्याकडून जाणाऱ्या मालावरचा कर एकदम वाढवला. अण्णाच्या ऑर्डरी थांबल्या. इंग्लंडशी मात्र करार झाला, तिकडचा कर निघणार म्हटल्यावर माझ्याकडे मशीनं पुरेनात. नारळाचा आवाज बंद पडला. मी दोन घास जास्त जेवू लागलो.

मग वाटणीनंतर पहिल्यांदाच अण्णा माझ्या गेटवर आला. इंग्लंडमधलं एखादं गिऱ्हाईक मागेल, म्हणून मी त्याला मुद्दाम उभंच ठेवलं.

"तुला माणसं लागतील," तो म्हणाला. "माझी घे. चांगली आहेत."

मी सगळी घेतली. आता अण्णाकडे भिंतीपलीकडचं रिकामं शेड तेवढं उरलं.

आयुधपूजेला मशीनं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. कापूर पेटला. मी कोहळा फोडायला उचलला, तेवढ्यात अण्णाकडून आलेला मंजुनाथ हळूच म्हणाला, "सर, स्वल्प थांबा."

"का?"

"अण्णांना बोलावलंय. ते येऊ देत."

कोहळा हातात घेऊन मी वळून पाहिलं. सगळे गेटकडे बघत होते. माझी जुनी माणसंसुद्धा.