होनोराचं माहेर

"नाही सापडली," माधवीताई फोनकडे बघत म्हणाल्या. "ट्रिमची दफनभूमी आज अख्खी पालथी घातली. होनोराचं माहेर काही तिथे नाही."

पडद्यावर रूथ हसली. "असू दे. पुढच्या खेपेला दुसरीकडे बघू. पाय भिजले का गं, कुमुद?"

"भिजणारच. या मुलखात कोरड्या पायांनी घरी आलंय कुणी?" माधवीताई म्हणाल्या. रूथ त्यांना कुमुदच म्हणायची.

माधवीताईंनी फोन ठेवला. होनोराचं माहेर गेल्या थंडीतच सापडलं होतं. इथेच, आयर्लंडमधल्या या नावन गावात, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

मुलगा सारंग आणि सून योगिनी सकाळी अंधारातच गाड्या काढत. त्यांच्यामागून नात मुक्ता शाळेत जाई. मग घर इतकं गप्प होई की फ्रिज सुरू झाला तरी माधवीताई दचकत. मुक्ताला मराठी सगळं कळायचं, पण "जेवलीस का गं?" म्हटलं की "आय अ‍ॅम ग्रँड, आजी" म्हणून ती जिना चढून जायची. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे ठीक. त्यापुढे बोलणं सरकत नसे.

अशातच वाचनालयात एक सूचना दिसली. अमेरिकेतल्या लोकांना इथल्या पूर्वजांच्या थडग्यांचे दगड शोधून द्यायला माणसं हवी होती. माधवीताईंनी चिपळूणच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेलं. त्यांनी नाव दिलं आणि त्यांच्या वाट्याला रूथ आली. पेनसिल्व्हेनियात राहणारी, ऐंशी ओलांडलेली, घरात एकटी.

तिला होनोरा हवी होती. रूथच्या आईकडचं सगळं घराणं जिच्यापासून सुरू झालं ती बाई. अमेरिका अजून इंग्रजांची वसाहत होती तेव्हा ही पोर इथल्या मीथ परगण्यातून जाऊन जहाजात बसली. भाडं द्यायला काही नव्हतं, म्हणून चार वर्षं एका शेतकऱ्याकडे बांधलेली मोलकरीण होऊन राहिली. मग एका गिरणीवाल्याशी लग्न झालं. तीन मुलं गोवराने गेली, नवरा पुरात गेला. पुढे गिरणी तिनेच चालवली.

"तिच्या पिठाच्या चाळणीला जाळी कितीची होती तेसुद्धा मला ठाऊक आहे," रूथ म्हणाली होती. "पण ती लेक कुणाची, तेवढं कळत नाही."

माधवीताई दफनभूमीत जायला लागल्या तशी योगिनीने कपाळाला हात लावला. "आई, फिरायला दुसरी जागा नाही का मिळाली? आल्यावर आंघोळ करा हं." त्या निमूट मागच्या नळावर पाय धुऊन घरात येत.

आणि एक दिवस तो दगड समोर आला. आईवडिलांची नावं, आणि खाली, पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या लेकीने, होनोराने, हा उभा करवला. माधवीताईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं. दर्यापलीकडे गेलेल्या लेकीने आईबापांसाठी एवढं तरी केलं. त्यांना भरून आलं. रूथला कधी सांगते असं झालं.

मग वाटलं, सांगितलं की रूथ रडेल, आभार मानेल, आणि पुढचा गुरुवार येणारच नाही.

त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "रूथ, एक अडचण आहे. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. आडनाव नव्हे, पाळण्यातलं नाव. होनोराचंही बदललं असलं तर? माहेरी ती वेगळीच कुणी असेल. मग ज्या घरातली म्हणून लेक अमेरिकेला गेली, ते प्रत्येक घर बघायला हवं."

बोलताना त्यांचे कान तापले. आयर्लंडमध्ये कुणी असलं काही करत नाही. आणि रूथने तिकडे आपल्या गावातल्या निम्म्या लोकांची घराणी शोधून दिली होती. ती आता हसणार.

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही," रूथ म्हणाली. "तुझं बदललं होतं?"

"हो. माहेरी मी कुमुद."

"कुमुद म्हणून आता कोण हाक मारतं?"

"आता? कुणी उरलं नाही."

"मग मी मारते."

त्यानंतर उन्हाळा गेला. दर गुरुवारी होनोराबद्दलचं बोलणं लवकर आटोपायचं आणि मग दोघी बर्फावर, गुडघ्यांवर, भाकरीवर, गेलेल्या नवऱ्यांच्या घोरण्यावर बोलत बसायच्या.

आज मात्र जाता जाता रूथ म्हणाली होती, "पुढच्या आठवड्यात फोन करू नकोस. माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर फार गोड बोलतोय, तेव्हा काही खरं दिसत नाही."

माधवीताईंना जेवण गेलं नाही. ही बाई होनोराच्या माहेराचं नाव न कळता गेली तर? आपल्या चार घटकांच्या गप्पांसाठी आपण तिला टांगून ठेवलं. सांगून टाकलं की कुमुद म्हणणारं पुन्हा कुणी राहणार नव्हतं. न राहो.

रविवारी त्यांनी फोन लावला.

"आई, आज गुरुवार नाहीये," सारंग म्हणाला.

"ठाऊक आहे मला," म्हणत त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

रूथ दिसताच त्या एका दमात बोलून गेल्या. "होनोराचं माहेर सापडलंय. आज नाही, गेल्या थंडीतच. तू फोन बंद करशील म्हणून बोलले नाही. नाव बदलण्याची ती सबबसुद्धा मीच काढली. दगडाचा फोटो पाठवते. मला माफ कर."

रूथने चष्मा काढला. तिने डोळे पुसले.

"तुला ते शोधून काढायला सांगितलं होतं कुणी?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"फाटकातून शिरलं की डावीकडे, भिंतीलगत. तोच ना?"

"तोच. पण रूथ, जागा मी अजून तुला सांगितलेली नाही."

"नव्व्याण्णव साली मी आणि माझ्या नवऱ्याने त्याच दगडापाशी बसून सँडविच खाल्ली होती," रूथ म्हणाली. "तू आपली आता केल्सची दफनभूमी बघायला घे, कुमुद."