तोल

जमिनीवर निजवलेल्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या पायांवर डोकं टेकवायला कृष्णाबाई वाकल्या, तशा त्यांच्या पोटऱ्यांवर बांधलेल्या विजेच्या पट्ट्यांनी स्नायू खेचून त्यांना पुन्हा ताठ उभं केलं. तोल जातोय असं वाटलं, की पट्ट्या म्हातारीला सावरायच्या. वाकणं कुठलं आणि पडणं कुठलं, हे मात्र पट्ट्यांना कळत नव्हतं.

बाहेर तिरडी बांधून झाली होती.

"मावशी, लांबूनच हात जोड," अक्कांचा मुलगा म्हणाला. "पट्ट्या काढल्यास तर पडशील."

"पडू दे रे. इतकी वर्षं मेल्या पडूच देत नाहीत. दमले मी."

त्यांनी पट्ट्या सोडल्या. पाय लटपटले आणि त्या बहिणीच्या गार पावलांवर कोसळल्या. भाचा उचलायला धावला.

"उचलू नकोस," त्या पुटपुटल्या. "किती वर्षांनी टेकलेय."