पुढचे ठसे

चिखलात बुटाचा ठसा होता, आणि तो तिथे असायला नको होता.

तो थबकला. पाऊस तिरका अंगावर येत होता, टोपीच्या टोकावरून धार लागली होती. पन्नास किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीतले चौतीस संपले होते आणि पहाटेपासून तोच सगळ्यांच्या पुढे होता. दोन किलोमीटर मागे, शेवटच्या चौकीत, प्लास्टिकच्या छताखाली अंग चोरून बसलेल्या नोंदवाल्याने भिजकी यादी चाळून त्याला सांगितलंही होतं, "अजून एकही नंबर इथून पुढे गेलेला नाही." आणि इथे ठसे. एकदोन नाही, रांगच्या रांग. पावसाच्या गडबडीत त्या बहाद्दराची नजर चुकवून कोणीतरी पुढे सटकलं होतं.

सहा वर्षं तो या शर्यतीत दुसरा येत होता. घरात सहा रुपेरी चषक होते. एकात बायकोने चमचे ठेवले होते, एकात मुलीचे रंगाचे ब्रश. सासरे तर फोन करून "कितवे आलात" असं विचारायचेच नाहीत. थेट विचारायचे, "यंदा पहिला कोण?" त्यात गुडघ्याच्या डॉक्टरांनी ही शेवटची शर्यत म्हणून बजावलं होतं. एकदा तरी ती शेवटची फीत छातीने तोडायची, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते आजच व्हायला हवं होतं.

तो खाली वाकला. बुटांच्या कारखान्यात सोल तपासण्यात त्याची एकोणीस वर्षं गेली होती. पाच नंबरचा बूट. डावी टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली. वजन जेमतेम. म्हणजे कोणीतरी कोवळं पोर, मिसरूडही न फुटलेलं. ठशात पाणी काठोकाठ भरलेलं, म्हणजे पोर वीस-पंचवीस मिनिटं तरी पुढे होतं.

"पंचवीस तर पंचवीस," तो स्वतःशीच म्हणाला आणि सुटला.

पहिला उतार त्याने बसूनच काढला. ओढ्याला मांडीभर पाणी होतं. त्याने दोरीला हात लावला न लावला आणि पार झाला. पुढच्या चढावर चिखलाने त्याचा डावा बूटच गिळला. त्याने कोपरापर्यंत हात घालून तो उपसला, तसाच पायात कोंबला आणि वर निघाला. वाट दाखवणाऱ्या नारिंगी पट्ट्यांकडे बघणंही त्याने सोडून दिलं. ठसे होते ना.

चाळीसाव्या किलोमीटरला ठशांत पाणी अर्धंच होतं. शिवाय दर थोड्या अंतरावर ते वाट सोडून एखाद्या झाडापाशी जात आणि परत येत. त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पोरगं दमलं होतं. झाडाला टेकून दम खात होतं. त्याने मात्र कशालाच टेकायचं नाही असं ठरवलं आणि गुडघ्याची तक्रार कानाआड केली.

भर पावसात तो एकटाच हसला. इतक्या वर्षांत तो असा कधी धावलाच नव्हता. दुसरा असताना त्याला पहिल्याला गाठायचं सुचायचंच नाही. तिसरा येऊन गाठेल याच भीतीने तो पळायचा. आज मागे कोण आहे याची त्याला शुद्धही नव्हती.

मग पन्नासाव्या किलोमीटरच्या शेवटच्या वळणावर ठसे कोरडे लागले. कोरडे म्हणजे नुकतेच उमटलेले, पाणी भरायलाही वेळ न मिळालेले. त्याने मान वर केली. समोर, शाळेच्या मैदानाच्या फाटकापाशी, एक पिवळा रेनकोट खांबाला टेकून उभा होता. पलीकडे छत्र्यांची गर्दी होती आणि गर्दीच्या मधोमध ताणलेली, अजून न तुटलेली फीत.

उरलासुरला जीव त्याने पायांत ओतला. रेनकोट वळला.

"अहो, जरा थांबा, एवढी गाठ मारू द्या."

रडीचा डाव. आवाज बाईचा होता एवढं त्याच्या कानांनी टिपलं, पण पाय थांबायला तयार नव्हते. तिच्या अंगावर चिखल उडवत तो फाटकातून आत घुसला आणि फीत छातीला लागून तुटली. मुलगी ओरडत आली. बायकोची छत्री वाऱ्याने उलटी झाली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

मग हरलेल्याशी हात मिळवायला तो मागे वळला. रेनकोटची टोपी मागे सरकली होती. पांढरे केस, साठीला टेकलेली बाई, भात्यासारखा चाललेला श्वास. गळ्यात नारिंगी पट्ट्यांचं भेंडोळं. छातीवर नंबर नव्हता.

"तुमचा नंबर कुठाय?" त्याने विचारलं.

"माझा कसला आलाय नंबर? मी वाटेवरच्या पट्ट्या बांधते. आदल्या दिवशी बांधलेल्या वाऱ्यापावसाने उडतात, म्हणून पहिला गडी यायच्या अर्धा तास आधी मला शेवटच्या चौकीवरून सोडतात."

त्याने तिच्या बुटांकडे पाहिलं. डावी टाच बाहेरून झिजलेली होती. म्हणजे पुढे कोणी नव्हतंच. पहिला तर तो चालत आला असता तरी आला असता.

"मग मी उगाचच जीव तोडून धावलो म्हणायचं," तो म्हणाला.

बाईने तोंडावरचा चिखल रेनकोटच्या बाहीने पुसला आणि मैदानाच्या कडेच्या रिकाम्या बाकाकडे बोट दाखवलं.

"पंधरा वर्षं झाली मला. पंधरा पहिले मी त्या बाकावर बसून बघितले, निवांत चहा पीत. शेवटची गाठ मारायची राहिली ती आजच."