चाळून आणलेली माती

“काऊन बे दयाराम, यंदा काय पेरलं? दगडं का?”

चाळीस वर्षांपूर्वी खळ्यावर, चार माणसांत, भगवंतराव असे हसले होते. भगवंतराव गेले, खळंही गेलं. तो आवाज मात्र दयारामच्या कानात बाळीसारखा लटकत राहिला. आज बुलढाण्याच्या प्रयोगशाळेत बाकावर बसल्या बसल्याही तो त्याला ऐकू येत होता.

बांधकामाआधी जमीन तपासून देणारी ही प्रयोगशाळा. दयारामने आपल्या टेकाडावरचे चार गुंठे गावातल्या मुलींच्या अभ्यासिकेला दिले होते. माती पास झाली तर पाया तिथेच घातला जाणार. नापास झाली तर अभ्यासिका हमरस्त्यापलीकडे जाणार, आणि तिकडे पोरींना कोण पाठवतो? त्याची नात अश्विनी विहाराच्या पायरीवर बसून वाचायची, तेही ऊन पायरीवर चढेपर्यंतच.

अभ्यासिका कमिटीच्या इंजिनिअरने फोनवर सांगितलं होतं, “काका, पाच फूट खड्डा घ्या, तळाची माती पोत्यात भरा अन् नेऊन द्या.” दयारामने लोखंडी सब्बल हाणून खड्डा घेतला. निघाला नुसता मुरूम. पिवळा, खडबडीत, हट्टी. असलं ध्यान शहरात न्यायचं? पोरगी दाखवायची असली म्हणजे शेजारणीचं का होईना, बरं पातळ नेसवतातच की माणसं!

तो सरळ भगवंतरावांच्या पोराच्या, माणिकरावाच्या, नदीकाठच्या वावरात गेला. “कुंडीत मोगरा लावाले माती पाह्यजे,” म्हणाला.

“पोतंभर?” माणिकराव म्हणाला. “मोगरा लावतं का वड?”

ती काळीभोर माती दयारामने घरी पिठाच्या चाळणीने चाळली. मग बायकोने, तानाबाईने, दोन दिवस त्याला चाळलं. पोतं मात्र प्रयोगशाळेत पोचलं. आज निकाल होता.

“दयाराम काका कोण?” आतून सारिका मॅडम आल्या. अंगात पांढरा कोट, हात मनगटापर्यंत काळे.

“मीच हो, बाई.”

“अशी माती म्या सहा वर्षांत पाह्यली नाही, काका. ना खडा, ना काडी.”

“घरूनच आंघोळ करून आली थे,” कोपऱ्यात चाळण्या झटकणारा प्रेमानंद म्हणाला. बाकावरचे दोन कंत्राटदार हसले.

दयाराम फुलला. “चांगली हाय न?”

“लोण्यासारखी हाय.” सारिकाने काचेवर ओल्या मातीची गोळी ठेवली आणि तळहाताखाली वळू लागली, बाया शेवया वळतात तशी. वळी सुतळीएवढी बारीक झाली तरी तुटेना. “पाहा, तुटाचं नावच घेत नाही.”

“तुटन कशी! अस्सल हाय.”

“काका,” सारिकाने मान वर केली, “हेच तं वाईट.”

तिने त्याला खिडकीशी नेलं. तिथे काचेच्या दोन उंच नळ्या उभ्या होत्या. “दोन्हींत कालपासून सारखीच माती टाकली हाय. हिच्यात रॉकेल, हिच्यात पाणी.” रॉकेलातली माती खाली गप बसली होती. पाण्यातली फुगून जवळजवळ दुप्पट झाली होती.

“पावसाळ्यात हे अशी फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते. वरची भिंत बी तिच्यासंगं नाचते. कापसाले सोनं हाय हे, काका. भिंतीले वैरीण.”

दयाराम नळीकडे बघत राहिला. माणिकरावाची माती काचेत ऐटीत बसली होती.

“म्हंजे… नापास?”

“साध्या पायाले नापास. खोल पाया घ्या लागन, अन् तेवढा खर्च तुमच्या कमिटीच्यानं होत नाही.” सारिकाने हात पुसून मोबाइल उचलला. “इंजिनिअर साहेबाले लगेच कळवतो म्हनलं होतं. आजच ठराव हाय न तुमच्याकडं? रस्त्यापलीकडच्या जागेचा?”

“मंग तुमाले कशी जमीन लागते, बाई?”

“मले?” ती नंबर शोधता शोधता हसली. “मुरमाड. जिथं कापसाची पराटी उभी राहत नाही न काका, तिथं भिंत शंभर वर्षं उभी राहते.”

दयाराम उभ्या जागी गोंधळला. आयुष्यभर ज्या रानापायी मान खाली घातली, त्याचं हे कौतुक? पण आता सांगायचं कसं? बाकावर दोन माणसं, कोपऱ्यात प्रेमानंद, समोर ही लेकीच्या वयाची बाई. चोरून बदललेली माती. पुन्हा चार माणसांत हसं.

फोनची घंटी पलीकडे वाजू लागली. एकदा. दोनदा. ऊन आतापर्यंत पायरीवर चढलं असेल, अश्विनी पुस्तक उचलून सावली धुंडत असेल.

“हॅलो,” पलीकडून आवाज आला. “बोला मॅडम, काय निघालं?”

दयारामने टेबलावर थाप मारली. काचेच्या नळ्या किणकिणल्या.

“थांब पोरी! नको सांगू!” सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मुठीत चुरगाळली. “थे माती आमच्या जागेची नाही. लाजीपाई बदलली म्या. माणिकरावच्या वावरातली हाय थे. आमच्या खड्ड्यात तं मुरूम हाय, नुसता मुरूम…” आणि त्याच्याही नकळत त्याचा आवाज चढला, “सब्बल हाणली तं ठिणग्या उडतेत, बाई! ठिणग्या!”