चार रंगांचं यंत्र

बसा, सोलापूरच्या अंबादासची गोष्ट सांगतो. मधे बोलू नका. चादरीची नक्षी काढायचा प्रोग्राम त्यानं गिरण्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरसाठी लिहिला होता, झकास चालत होता. पण ज्या लक्ष्मय्याकाकांनी त्याला ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायला शिकवलं, त्यांचे हात थरथरायला लागले. काकांकडे जावयानं आणलेला, टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर होता. अंबादासनं तोच प्रोग्राम त्यावर बसवायला घेतला.

"येड्या, अख्ख्या गावात तसली दहा यंत्रं नाहीत," त्याचा धंद्यातला भागीदार म्हणाला. "परवडणार कसं?"

"नाहीच परवडणार. पण ह्या माणसानं माझा हात धरून पेन्सिल चालवलीय."

वर्ष गेलं, भागीदारही सोडून गेला. त्या यंत्राला चारच रंग यायचे, पण काकांच्या चादरीला तरी जास्त कुठे लागायचे? काकांनी एका बोटानं बटण दाबलं, चौकोन काठोकाठ भरला.

"रंग बाहेर गेला नाही रे," म्हणाले, आणि डोळे पुसत पुढचा भरला.

दुसऱ्या कुणी तो प्रोग्राम घेतला नाही. काकांनी नातीच्या रुखवताच्या चादरीची नक्षी काढली, त्या यंत्राला चालायच्या टेपच्या कॅसेटवर साठवली, आणि महिन्याभरात गेले. मागोमाग यंत्रही जळालं. आता लग्न माघात आहे, आणि ती कॅसेट दुसऱ्या जातीचं कुठलंच यंत्र वाचत नाही. अंबादास दारोदार विचारत फिरतोय. तुमच्या माळ्यावर तसलं यंत्र पडलं असेल तर भंगारात घालू नका. त्याला नेऊन द्या.